मंगळवारची वाट पाहणारा मुलगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॉलेजची मुलं-मुली प्राथमिक शाळेत जाऊन लहान मुलांचा अभ्यास घेतात, याच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून वाचते. त्या कामाबद्दल जवळून पाहिलेलं लिहिते आहे. कोल्हापुरात महापालिकेच्या शाळेत ३१ वर्षं पहिली ते चौथीला शिकवून मी निवृत्त झाले. घराजवळच्या शाळेत अजूनही मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी जाऊन बसते. गेल्या ऑगस्टपासून राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं त्याच दोन दिवशी यायची.

तिसरीत एक मुलगा आहे. आई-वडील बांधकामावर, मूळचे विजापूरकडचे, घरात कन्नड. २७ आणि १५ ची बेरीज तो ३१२ लिहायचा. सात आणि पाच बारा, दोन आणि एक तीन, आणि दोन्ही शेजारी मांडून मोकळा. "हातचा एक घे" असं बाईंनी सांगितलं, मीही कितीदा सांगितलं. तो आपल्या हाताकडे बघायचा.

त्याच्या वाट्याला गडहिंग्लजकडची, बी.ए.च्या पहिल्या वर्षातली मुलगी आली. तिच्याही घरी कन्नड. तिनं खराट्याच्या काड्या मोडून आणल्या. २७ चे दोन गठ्ठे आणि सात सुट्या, १५ चा एक गठ्ठा आणि पाच सुट्या. सुट्या झाल्या बारा. त्यातल्या दहा काड्यांना रबर लावून तिनं तो गठ्ठा त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "हत्तु." कन्नडमध्ये हत्तु म्हणजे दहा. पोरानं गठ्ठा उचलून दशकाच्या घरात नेऊन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "हातचा म्हंजे हत्तु व्हय?" एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला हे सुचलं नव्हतं. त्या दिवशी त्यानं पाठोपाठ अकरा बेरजा केल्या, सगळ्या बरोबर.

शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. आज आमच्या गल्लीतलं पोर शाळेत येतं. पण तीस मुलांच्या वर्गात एकाच्याच शेजारी अर्धा तास बसणं बाईंना जमत नाही. ते काम ही कॉलेजची मुलं करू शकतात आणि चांगलं करतात.

जानेवारीत ती मुलगी यायची थांबली. तिचे तास भरले होते, पुढं परीक्षा होती. तिला मी दोष देत नाही. पण पोराला कुणीच काही सांगितलं नाही. चार मंगळवार तो मधल्या सुट्टीनंतर दारापाशी उभा राहायचा. "अक्का आली न्हाई?" शेवटी मीच सांगितलं की अक्काची परीक्षा आहे. त्यानं विचारलं, "मग झाल्यावर?" मला उत्तर देता आलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की स्वयंसेवकाची नेमणूक शाळेवर न करता मुलावर करावी. सेवा योजनेत वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास द्यायचे असतात. जुलै ते मार्चमधून गणपती, दिवाळी आणि परीक्षा वगळल्या तरी तीसेक आठवडे हाताशी राहतात. आठवड्यातून दोनदा दीड तास धरला तर ९० तास होतात. म्हणजे एका स्वयंसेवकानं एकच मूल सलग दोन वर्षं सांभाळलं, तरी शिबिराची तयारी, स्वच्छता, वृक्षारोपण यांना वेळ उरतो. परीक्षेसाठी थांबायचं असेल तर जरूर थांबावं, पण कधी परत येणार ते आधी त्या मुलाला सांगून जावं. वर्गशिक्षिकेकडे एक वही असावी, आज कुठपर्यंत आलो ते त्यात लिहावं. नाहीतर नवीन येणारा पुन्हा मुळाक्षरांपासून सुरू करतो आणि मूल कंटाळतं. हेही मी पाहिलं आहे.

जूनमध्ये तो मुलगा चौथीत जाईल, ती मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. चौथीत भागाकार आहे आणि त्याचं वाचन अजून जोडाक्षरांपाशी अडखळतं. काड्यांचे गठ्ठे त्यानं रबरासकट दप्तरात ठेवले आहेत. सेवा योजनेच्या नव्या याद्या तयार करताना कार्यक्रम अधिकाऱ्यांनी तिला पुन्हा याच शाळेत, याच मुलाकडे पाठवावं, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
शुक्रवार पेठ, कोल्हापूर