विजेने चिरलेल्या पाइनच्या फळ्या काढून देणाऱ्या दादांना

करवतवाले दादा,
सप्रेम नमस्कार.

वीज पडलेला पाइन म्हणजे सरपण, असं बहुतेक जण धरूनच चालतात. आमच्याकडच्या अशा दोन्ही खोडांच्या फळ्या झाल्या त्या तुमच्यामुळे. आभार उघडपणे, तपशिलासकट मानतो आहोत, म्हणजे असं झाड ज्याच्या दारात उभं असेल त्यालाही उपयोग होईल.

आधी तुमच्या घाईबद्दल. ‘शेंडा अजून हिरवा आहे, राहू दे’ हे तुम्ही चालू दिलं नाही. फुटलेल्या सालीतून राळेचा वास सुटला की साल पोखरणारे भुंगेरे येतात आणि त्यांच्याबरोबर निळी बुरशी लाकडात शिरते. उन्हाळ्यात याला काही आठवडेच लागतात. निळेपणाने फळीची ताकद फारशी घटत नाही. मात्र ती पॉलिश जास्त पिते आणि डाग उठून दिसतो. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या अळ्या खोल बोगदे पाडतात, ते रंध्याने निघत नाहीत.

चिरलेलं खोड पाडताना उभं फाटून मागे उसळू शकतं. कापाच्या वर खोडाला साखळी करकचून आवळल्याशिवाय तुम्ही मागचा काप घेतला नाहीत. त्याबद्दल वेगळे आभार.

पण खरं कसब दिसलं ते चिरेपाशी. वीज शिरते तेव्हा आतल्या ओलाव्याची क्षणात वाफ होते आणि लाकूड रेषेच्या, म्हणजे त्याच्या तंतूंच्या, दिशेने फाटतं. पाइनची रेषा बऱ्याचदा पिळलेली असते, म्हणून चीरही खोडाभोवती फिरत जाते. बाहेर दिसते त्यापेक्षा ती आत खोल असते. कधी वर्षवलयं एकमेकांपासून सुटलेली असतात. तुम्ही टोकाची ५ सेंटीमीटरची चकती काढून पाण्याने ओली केलीत, तेव्हा कुठली चीर गाभ्यापर्यंत गेली आहे ते स्पष्ट दिसलं.

५ मीटरमध्ये चीर पाव फेरा फिरत होती. अखंड ओंडका कापला असता तर जवळजवळ प्रत्येक फळीत ती आली असती. २.५ मीटरचे दोन तुकडे केल्यावर प्रत्येकात फिरकी निम्मी झाली. मग चीर आडवी, पात्याच्या पातळीत येईल असा ओंडका फिरवलात आणि सगळं नुकसान मधल्या दोन-तीन फळ्यांत कोंडलंत. चीर वर ठेवली असती तर वरच्या अर्ध्या भागातली एकेक फळी मधोमध दुभंगली असती. आडव्या बँडसॉवर (पट्टीच्या पात्याच्या करवतीवर) काम करणाऱ्याने एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुष्कळ लाकूड वाचेल.

राळ पात्याला चिकटली की पातं तापतं, सैल पडतं आणि फळीत लाटा येतात. म्हणून साबणाच्या पाण्याची धार तुम्ही थांबू दिली नाहीत. झाड घराजवळचं होतं, तेव्हा खिळे-तारांसाठी मेटल डिटेक्टरही आधीच फिरवलात.

वाळून २५ मिलिमीटर राहावी म्हणून ओली फळी २९ची काढलीत. गाभ्याचा बिंदू असलेला तुकडा बाजूला ठेवायला सांगितलंत, कारण तो वाळताना हमखास पिळतो. थप्पी जमिनीपासून ३० सेंटीमीटर वर आहे. मधल्या पट्ट्या कोरड्या, २० मिलिमीटर जाड, दर ४० सेंटीमीटरवर आणि एकाखाली एक आहेत. टोकांना मेण लावलं आहे, वर छप्पर आहे आणि बाजू मोकळ्या ठेवल्या आहेत. ओलावा २० टक्क्यांखाली गेला की बुरशी थांबते, पण अळ्या त्याने मरतीलच असं नाही. त्यासाठी लाकूड वाळवणीच्या भट्टीत गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, ३० मिनिटं तापवावं लागतं. राळ घट्ट बसून पुढे पाझरू नये म्हणून भट्टी ७१ अंशांपर्यंत न्यावी, हेही तुमच्याकडूनच कळलं.

निळ्या फळ्या वेगळ्या रचल्या आहेत. कपाटाच्या पाठीला त्या चालतील, हा तुमचा सल्ला मानतो आहोत. मनापासून आभार, दादा.

आपले,
फळ्यांचे धनी