पोलादपूरला घेतलेलं वेफर्सचं पाकीट

बाळा,
काल फोनवर तू म्हणालास आई दाबाचा धडा पाठच होत नाहीये, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. अरे तो पाठ करायचा धडाच नाही, तू तो आधीच बघितलायस!

आपण आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला गेलो होतो आठवतंय ना, पोलादपूरला घेतलेलं वेफर्सचं पाकीट वर पोचेपर्यंत टम्म फुगलं होतं, इतकं की तू ते गालाला लावून बसला होतास. तू म्हणालास यात हवा शिरली. पण पाकीट तर सीलबंद, शिरणार कुठून? आतली हवा तेवढीच होती, बाहेरून दाबणारी कमी झाली. महाबळेश्वर समुद्रापासून साधारण 1350 मीटर वर आहे, तिथे हवेचा दाब खालच्यापेक्षा सुमारे 15 टक्के कमी. खाली आतून बाहेरून सारखीच रेटारेटी असते, वर बाहेरचा जोर ओसरला की आतली हवा पसरते. तुझे कान दडे बसल्यासारखे झाले होते तेही यामुळेच, मी लिमलेटची गोळी दिली, तू आवंढा गिळलास आणि टक्कन कान उघडले. गिळताना कानाची आतली नळी उघडते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो, बास.

आपल्या करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर हवा साधारण 1 किलोच्या वजनाइतकी दाबत असते बरं का, कळत नाही कारण शरीर आतूनही तेवढंच रेटतं.

आता दुसरी गोष्ट. लाडवांच्या डब्यासोबत औषधाची सिरिंज पाठवलीय, सुई नाहीये. दांडा 10 च्या खुणेवर ठेव, तोंडावर बोट घट्ट लाव आणि दांडा आत ढकल. 5 पर्यंत आणताना दम लागेल, कारण जागा निम्मी झाली की आतले रेणू भिंतींवर दुप्पट वेळा आपटतात, म्हणून दाब दुप्पट. तापमान तेवढंच हवं मात्र. रॉबर्ट बॉईलने 1662 मध्ये हेच मांडलं, तुमच्या सूत्रात तेवढंच आहे. आणि तापमान वाढवलं तर रेणू जास्त जोरात आपटतात, म्हणून उन्हात ठेवलेली सायकल टाइट भरू नको असं बाबा ओरडतात ते उगाच नाही.

आधी सूत्र लिहू नकोस, आधी सिरिंज. बोट न काढता दांडा सोड, काय होतं ते रविवारी फोनवर सांग. आणि लाडू सगळ्यांना दे.

आई