सिकलसेलच्या पहिल्या चाचणीवर थांबू नका

महोदय,

विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीची शिबिरे होतात, ती व्हायलाच हवीत. मात्र तिथे बहुधा सोल्युबिलिटी चाचणी केली जाते. 2 मिलीलिटर द्रावणात 20 मायक्रोलिटर रक्त मिसळायचे, 5 मिनिटे थांबायचे आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसेनाशा झाल्या, तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. माणूस वाहक (एकाच पालकाकडून दोष आलेला, स्वतः आजारी नसलेला) की रुग्ण, हे या नळीतून कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही चाचणी करावीच लागते.

रेघा स्पष्ट दिसल्या तरी निर्धास्त होऊ नये. सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त असल्याने ही चाचणी फसते. तीव्र रक्तक्षय असला किंवा नुकतेच रक्त चढवले असले, तरीही फसू शकते. सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते बीटा थॅलेसेमियाच्या, म्हणजे हिमोग्लोबिन कमी तयार होण्याच्या आनुवंशिक आजाराच्या, वाहकांकडे. त्यांचा निकाल इथे निगेटिव्हच येतो. सिकलसेल आणि बीटा थॅलेसेमिया हे दोन्ही दोष अकराव्या गुणसूत्रावरच्या एकाच जनुकातले. सिकलसेलमध्ये तर डीएनएच्या साखळीत 'ए'च्या जागी 'टी' एवढा एका अक्षराचाच फरक. आईकडून एक दोष आणि वडिलांकडून दुसरा आला, तर मूल आजारी होते.

म्हणून लग्नाआधी दोघांचीही एचपीएलसी व्हावी आणि अहवालात हिमोग्लोबिन ए-टू या प्रकाराचा आकडा पाहावा. तो साधारण 3.5 टक्क्यांवर असेल, तर थॅलेसेमियाचा वाहक समजतात. लोहाची कमतरता असली की हा आकडा खाली येतो, त्यामुळे सीमेवरचा अहवाल डॉक्टरांना दाखवावाच.

दोघेही सिकलसेलचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के. 'पहिले आजारी निघाले, आता पुढची तीन सुटली' हा हिशेब चुकीचा आहे. अशा जोडप्याने गर्भ राहताच डॉक्टरांना सांगावे. वारेच्या नमुन्यावरची तपासणी 10 ते 12 आठवड्यांत होते.

वाहक मुलीचे लग्न मोडणे हा तर निव्वळ अन्याय आहे. जोडीदाराच्या या जनुकात दोष नसेल, तर त्यांचे मूल फार तर वाहक होईल, रुग्ण नाही.

आरोग्य विभागाने शिबिरातल्या प्रत्येकाला लेखी निकाल द्यावा आणि चाचणी कोणती केली, हे त्यावर ठळक छापावे.

– एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, नागपूर