हंगाम कधी संपतो, हे विचारलंत म्हणून

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या काट्याच्या एपीआयमध्ये, म्हणजे वजनकाट्याचे आकडे आमच्या ॲपना पुरवणाऱ्या जोडणीत, क्विंटल जाऊन किलो येणार म्हटल्यावर वाशीम जिल्ह्यातल्या आम्हा मंडळींच्या पोटात गोळाच आला होता. बदल बरोबरच होता म्हणा. दशांशातलं वजन जो तो आपल्या परीनं पूर्णांक करतो आणि काटापट्टी जुळत नाही, २४.६५ क्विंटलऐवजी २४६५ किलो लिहिलं की भांडणच मिटतं.

पण आधीच्या पुरवठादाराचा हिसका ताजा होता. त्यांनी ऐन सोयाबीनच्या आवकेत, एका रात्रीत, ओलाव्याच्या रकान्यात साध्या आकड्याऐवजी टक्क्याच्या चिन्हासकट मजकूर पाठवायला सुरुवात केली. सर्व्हरचं उत्तर २००, म्हणजे सारं आलबेल! जिथं ॲप बंद पडलं, ते परवडलं. जिथं ॲपनं न कळलेल्या मजकुराचं शून्य धरलं, तिथं १२ टक्क्यांवरच्या ओल्या मालाचीही कपात झाली नाही. विचारलं तर म्हणे, "ईमेल टाकला होता." बाप्पा, बाजाराच्या दिवशी ईमेल पाहतो कोण?

तुम्ही जुन्या 'वजन' रकान्याला हातच लावला नाही. त्याच नावाखाली किलो आले असते, तर एकही एरर न येता २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावानं त्या २४.६५ क्विंटल सोयाबीनची पावती १ लाख ३१ हजारांऐवजी १ कोटी ३१ लाखांची निघाली असती. तुम्ही शेजारी 'वजन-किलो' आणलंत. साठवण फक्त किलोत आणि जुना क्विंटल त्यालाच १०० नं भागून, म्हणून दोन्हींत कधी तफावत पडली नाही. जुन्या उत्तरांसोबत आरएफसी ८५९४ या इंटरनेटच्या दस्तऐवजाप्रमाणे सनसेट हेडरही दिलंत, म्हणजे जुनं कधी बंद होणार ती तारीख सांगणारी ओळ. हेडर काही माणूस वाचत नाही, पण ॲपनं ती तारीख उचलून पडद्यावर पिवळी पट्टी दाखवली की काट्यावरच्या पोरालाही कळतं.

हे सगळं चांगला इंजिनिअर करतोच. तारीख ठरवण्याआधी मात्र तुम्ही फोन केलात आणि विचारलंत, "दादा, तुमचा हंगाम कधी संपतो?" असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. ऑक्टोबरपासून नेहमीची ९० दिवसांची मुदत मोजली की डिसेंबरअखेर येते. तेव्हा कापसाच्या गाड्या जिनिंगपुढं रांगेत उभ्या असतात. मागून तूर, मग हरभरा. तुम्ही तारीख सरळ मे महिन्यात नेलीत. कास्तकाराचं कॅलेंडर विचारून सर्व्हरचं कॅलेंडर लावणारा माणूस या धंद्यात विरळाच. सभ्यपणा याहून वेगळा काय असतो?

आणि रविवारची ती दहा-दहा मिनिटं! बाजार बंद असताना जुना क्विंटलचा मार्ग थोडा वेळ थांबवून ४१०, म्हणजे 'हे आता इथं नाही', असं उत्तर परत द्यायचं, म्हणजे कोण मागं राहिलंय ते नुकसान न होता कळतं. व्हॉट्सॲपवरून आलेलं एपीके, म्हणजे ॲपची फाइल, एकदा फोनात बसलं की वर्षानुवर्षं तेच चालतं. प्रत्येक विनंतीसोबत ॲपचा आवृत्ती क्रमांक मागवलात, म्हणून असे फोन लॉगमध्ये सापडले तरी.

एक मागणं आहे. मालाच्या प्रतीच्या यादीत उद्या नवा शब्द घालाल, तर तोही मोठाच बदल धरा. वरून तो नुसती भर वाटते, पण आमच्याकडची जुनी ॲपं अनोळखी प्रत दिसली की पावतीच छापत नाहीत.

आपले,
काट्यांचं सॉफ्टवेअर सांभाळणारे