विहिरीत उतरू दिलंत, काकाजी!

काकाजी, नमस्कार.

हे पत्र तुमची नात मोबाइलवर वाचून दाखवेल, हे ठाऊक आहे. तरी सगळ्यांसमोर लिहिते, कारण खडकाच्या फटीतून पाण्याबरोबर कण कसे वाहतात, यावरच्या माझ्या प्रबंधातल्या आभाराच्या पानावर तुमच्या वाट्याला एकच ओळ आली.

दारव्ह्याकडच्या त्या विहिरीचं काम ऐन रंगात असताना तुम्ही यारी थांबवून मला खाली नेलंत. मजूर वैतागले होते, आणि त्यांचं बरोबरच होतं. काळी माती, मुरूम, मांजऱ्या खडक, त्याखाली काळा पत्थर, सगळं हात लावून दाखवलंत. मला बघायची होती त्या पत्थरातली आडवी फट.

आमच्या गणितात फट म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन गुळगुळीत फरश्या. दाब तोच ठेवून त्यांच्यातलं अंतर दुप्पट केलं की पाणी आठपट वाहतं, आणि अगदी मधल्या पाण्याचा वेग सरासरीच्या दीडपट असतो. जिवाणू किंवा चिकणमातीचा कण अंगानं मोठा, म्हणून भिंतीला पार खेटू शकत नाही. मधल्या वेगवान पाण्यात राहतो. विरघळलेलं मीठ खडकाच्या बारीक छिद्रांत शिरून रेंगाळतं, कण तिथं फारसा शिरत नाही. वाटेत कुठं चिकटला नाही, तर तो मिठाच्याही आधी विहिरीत पोचू शकतो. उकिरडा विहिरीजवळ असला की धास्ती वाटते ती याचीच.

तुम्ही फटीवरून बोट फिरवत म्हणालात, "सरसकट काऊन धरतं वं पोरी? सारी फट नाही वाहत. तिचे तोंडं पाह्य." हातभर कोरडं, मग करंगळीएवढी धार, पुन्हा कोरडं! परत आल्यावर मी गणितात फटीची रुंदी जागोजागी वेगळी धरली आणि त्यात कण पुन्हा सोडून पाहिले. बहुतेक कण दोन-चार वाटांनीच धावले, आणि पहिले कण सरासरीच्या कितीतरी आधी पोचले.

मृगाचा जोराचा पाऊस झाला की कुठल्या तोंडातून आधी गढूळ येतं, हेही तुम्हीच सांगितलंत. पावसाच्या पाण्यात क्षार कमी, त्यामुळे खडकाला धरून बसलेले मातीचे कण सुटतात, एवढं मी वाचलं होतं. पण नमुन्याची बाटली नेमकी कुठं धरायची, ते कुठल्या पुस्तकात मिळणार?

दिवाळीनंतर येते. नाल्याकाठची जुनी विहीर दाखवायचं कबूल केलंय तुम्ही. गमबूट या खेपेला माझे मी आणते.

तुमची,
फटीवाली पोरगी