टीडीएस चांगला आहे हो, पण पाणी?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

मी बडोद्याची, तुमचा पेपर मोबाईलवर वाचते. नळाच्या पाण्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं पण पाणी शुद्ध करायचं आरओ मशीन विकणारा आला आणि राहवलं नाही.

झालं असं की गेल्या महिन्यात आमच्याकडे सलग आठवडाभर पहिल्या दोन बादल्या पिवळट येत होत्या आणि गटारासारखा वास, पाणी सकाळी 6 ला येतं ते जेमतेम पाऊण तास, त्यातली दहा मिनिटं ओतण्यातच जायची. शेजारच्यांची दोन्ही नातवंडं पोटाने आजारी. नेमका त्याच आठवड्यात एक मुलगा बॅग घेऊन गल्लीत शिरला. ओट्यावर दोन ग्लास मांडले, एकात नळाचं पाणी एकात आरओचं, वर एक यंत्र ठेवलं त्याच्या लोखंडी सळया दोन्हीत बुडल्या आणि बटण दाबलं. मिनिटभरात नळाचं पाणी गढूळ तपकिरी, वर फेस, आरओचं तसंच स्वच्छ. बायका म्हणाल्या अगंबाई हे आपण पितो! मी आयुष्यभर शाळेत केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काम केलंय, म्हटलं थांब रे बाळा, घरातून चिमूटभर मीठ आणलं, त्याच्या आरओच्या ग्लासात टाकून ढवळलं आणि म्हटलं आता लाव. तेही तपकिरी! सळईचं लोखंडच विरघळतं हो त्यात, पाण्यात क्षार असले की करंट वाहतो, नसले की वाहत नाही, बाकी काही नाही. मुलाचा चेहरा बघून मलाच वाईट वाटलं, चहा पाजून पाठवला.

पण बायकांनी मग विचारलं की ताई तो खोटा तर वास कशाचा? बरोबरच आहे. टीडीएसचं मीटर आता घरोघरी झालंय, आमच्या गल्लीत चार निघाले, आकडा 300 च्या आत आला की लोक खूश, भारतीय मानकात तर 500 पर्यंत चालतो. अहो पण टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. त्या मीटरला जंतू दिसत नाहीत. गटाराचं पाणी थोडं मिसळलं तरी आकडा फारसा हलणार नाही आणि मुलाला मात्र जुलाब.

म्हणून मी क्लोरीन बघायचे थेंब आणले, पाण्यात टाकले की क्लोरीन असेल तर पिवळं होतं. गल्लीच्या तोंडाच्या नळाला छान पिवळं झालं. मधल्या घरी फिकट. शेवटच्या घरी, जिथली नातवंडं आजारी, काहीच नाही. नळाच्या टोकापर्यंत लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं असं मानक सांगतं, म्हणजे वाटेत काहीतरी ते खाऊन टाकतंय. मग जंतू तपासायची बाटली आणली, त्याच घरचं पाणी भरून एक दिवस ठेवलं, सकाळी कुळकुळीत काळी. म्हणजे मैल्यातले जंतू असण्याची दाट शक्यता. ती बाटली घेऊन पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात गेले तर टेबलावरचे भाई म्हणतात, बेन, आ शाही छे, म्हणजे ही शाई आहे का? म्हटलं नाही भाई, पाणीच आहे. त्यांनी सांगितलं की टाकीवरचं सॅम्पल ओके आहे. असेलच की! टाकीवर कोण पितं?

आता वाटेत काय होतं ते सांगते. आमच्याकडच्या जुन्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपच्या जोडण्या उघड्या गटारातून घरात येतात, कोणी वाकून बघितलं तर दिसतं, गंजून भोकं पडलेली. पाणी चालू असतं तेव्हा दाबामुळे आतलं बाहेर गळतं. बंद झालं की पाईप रिकामा, मग बाहेरचं आत. वर आपण सगळे लाईनला डायरेक्ट मोटर लावतो, ती पाणी ओढते तसं गटारही ओढते, आणि आपण ओढलं की पुढच्या घरी दाब आणखी पडतो. लपवत नाही, आमच्याकडेही अर्ध्या एचपीची होती, 15 वर्षं. या बाटलीनंतर काढली, आता खाली टाकीत पाणी पडू देतो आणि तिथून वर चढवतो. नवरा अजून कुरकुरतो.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी शहरात घुसली तेव्हा मगरींचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितले, पण पूर ओसरल्यावर खालच्या टाक्या किती जणांनी उपसून ब्लीचिंग टाकून धुतल्या? आमच्या गल्लीत मोजून तीन.

आणि हे बडोद्यात, जिथे सयाजीरावांनी 1890 च्या आसपास आजव्याचं सरोवर बांधून पाणी उताराने शहरात आणलं! मही नदीचंही पाणी येतं आता. मूळ पाण्याला मी नावं ठेवत नाहीये. बिघडतं ते शेवटच्या शंभर पावलांत.

आरओ घेऊ नका असं मी म्हणत नाही, बोअरचं खारट पाणी असेल त्यांनी घ्यावा, पण एका लिटरमागे दोन-तीन लिटर मोरीत जातं आणि गोड्या पाण्याला त्याची गरज नाही. आम्ही सध्या उकळतो, खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर, आणि त्याच भांड्यात झाकून ठेवतो. गॅस जातो, काय करणार.

मागणी एकच आहे. सॅम्पल टाकीवरचं नको, गल्लीतल्या शेवटच्या नळाचं घ्या, पाणी आल्या आल्या पहिल्या पाच मिनिटांत, आणि क्लोरीनचा आकडा दर आठवड्याला तिथेच फळ्यावर खडूने लिहा. गटारातल्या जोडण्या बदलायला पैसे आणि वेळ लागेल हे कळतं, खडूला लागत नाही. आणि संपादकसाहेब, तुम्ही सोन्याचा भाव रोज छापता, त्याच्या शेजारी दोन ओळींची जागा असेल तर हा आकडाही छापा ना, गावागावातून लोक पाठवतील. आमचा मी पाठवते: शेवटचं घर, काल सकाळी, शून्य.

आपली,
एक वाचक, बडोदे