पाटीवर ‘समुपदेशक’ लिहिलेले पुरेसे नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन जवळ आला की ‘मन मोकळे करा, समुपदेशकाकडे जा’ असे लेख सगळीकडे येतात. सल्ला रास्तच आहे. पण कोणत्या समुपदेशकाकडे जायचे, त्याचे शिक्षण काय असावे आणि त्या पाऊण तासात नेमके काय व्हायला हवे, याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. म्हणून हे पत्र.

आधी शिक्षणाचे पाहू. सायकियाट्रिस्ट, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ, हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. केलेला डॉक्टर असतो. गोळ्या तोच लिहून देणार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, म्हणजे औषधे न देता मानसिक आजारांची तपासणी व उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची, नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असावी लागते. त्यासाठी आजवरची मुख्य वाट म्हणजे मानसशास्त्रातल्या एम.ए.नंतरचे दोन वर्षांचे एम.फिल., ज्यात रुग्णालयात प्रत्यक्ष काम करावे लागते. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव टाकून नोंदणी तपासता येते. १९९२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणे गुन्हा आहे.

खरी अडचण ‘समुपदेशक’ या शब्दाची आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आरोग्य व्यावसायिकाची जी व्याख्या आहे, तिच्यात हा शब्द नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याच्या अनुसूचीत समुपदेशक आहेत, पण वाचकाला त्याची माहिती नसते. परिणामी एम.ए. होऊन दोन-तीन वर्षे अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम केलेली बाई आणि शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स केलेला गृहस्थ, दोघांच्या पाटीवर शब्द एकच. नावाआधी ‘डॉ.’ असेल तर ती पीएच.डी. कशातली, हेही विचारावे. औद्योगिक मानसशास्त्रावर प्रबंध लिहिला म्हणून नैराश्याच्या रुग्णाला हाताळता येते असे नाही.

माझ्या मते पदवीइतकाच महत्त्वाचा प्रश्न सुपरव्हिजनचा, म्हणजे अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीचा आहे. ‘केस अवघड वाटली तर तुम्ही कोणाशी चर्चा करता?’ असे सरळ विचारा. चांगला समुपदेशक यावर रागावत नाही. ‘गरजच पडत नाही’ असे उत्तर आले, तर तिथून उठावे.

आता पद्धतीकडे वळू. पहिली भेट बहुतांशी माहिती घेण्यात जाते आणि जायलाच हवी: झोप, भूक, वजन, काम, दारू-तंबाखू, चालू औषधे, घरात कोणाला असा त्रास होता का. थायरॉइड मंदावला किंवा बी-१२ कमी झाले तरी माणूस उदास आणि थकलेला दिसतो. रक्त तपासल्याशिवाय ते कळत नाही. पूर्वी कधी आठवडाभर तीन तासांच्या झोपेवर उत्साह, उधळपट्टी, मोठमोठे बेत असे झाले होते का, हेही विचारावे लागते. तसे असेल तर तो बायपोलर आजार असू शकतो; नुसते समुपदेशन चालू ठेवण्यात वेळ वाया जातो, सायकियाट्रिस्टकडेच पाठवावे लागते. आणि जीव देण्याचे विचार येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारले पाहिजे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. दहाव्या मिनिटाला ‘सकारात्मक राहा, योगा करा’ सुरू करणाऱ्याने यातले काहीच केलेले नसते.

पुढच्या भेटी कोणत्या पद्धतीने होणार, हेही सांगता यायला हवे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत, म्हणजे आरईबीटी, मराठी माणसाला चटकन कळते, कारण आपल्याकडे एका अक्षराचा ‘च’ आहे. ‘मला बढती मिळावी’ ही इच्छा झाली. ‘मिळालीच पाहिजे’ ही मागणी. बढती हुकली तर पहिल्या वाक्यातून वाईट वाटते, दुसऱ्यातून माणूस कोसळतो. कागदावर रकाने आखायचे: घटना, मनात आलेले वाक्य, भावना शंभरपैकी किती, आणि त्या वाक्याला पुरावा काय. ‘साहेबांनी मेसेज वाचला, उत्तर दिले नाही. मी त्यांना नकोसा झालोय. भीती ८०.’ पुराव्याच्या रकान्यात पेन अडते, आणि काम तिथेच सुरू होते. हा कागद घरी भरायचा असतो. तो भरला नाही तर भेटी नुसत्या गप्पा होतात. उपचार फसण्याचे हे एक नेहमीचे कारण. मात्र रुग्ण कागद का भरत नाही, हे शोधणे समुपदेशकाचे काम आहे, रागावणे नव्हे.

लोकलमध्ये पॅनिक अटॅक येणाऱ्याला ‘दीर्घ श्वास घ्या’ एवढेच सांगून भागत नाही. पायऱ्या ठरवाव्या लागतात: आधी दुपारी फलाटावर वीस मिनिटे उभे राहणे, मग ठाणे ते मुलुंड एक स्टेशन, मग दादर, शेवटी गर्दीची वेळ. भीती शिगेला असताना उतरले तर सुटका झाल्यासारखे वाटते आणि भीती आणखी पक्की होते. ती ओसरेपर्यंत डब्यात थांबायचे. हातातली पाण्याची बाटली आणि सोबतचा भाऊ हळूहळू कमी करायचे, नाहीतर ‘बाटली होती म्हणून वाचलो’ असेच मन शिकते.

नैराश्यासाठी अशा उपचाराला आठवड्याला एक याप्रमाणे साधारण १२ ते २० भेटी लागतात. पाच-सहा भेटींनंतर नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीचे गुण पुन्हा पाहावेत. ते हलले नसतील तर पद्धत बदलावी किंवा दुसऱ्याकडे पाठवावे. तीन भेटींत बरे करण्याची हमी देणाऱ्यापासून आणि रुग्णांचे अनुभव जाहिरातीत छापणाऱ्यापासून लांब राहावे.

आईवडिलांना एक विनंती. मुलाने आत काय सांगितले ते समुपदेशकाकडून काढून घेऊ नका. जिवाला धोका असेल तर घरच्यांना सांगितले जातेच. अल्पवयीन मुलावरील लैंगिक अत्याचार कळला तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावेच लागते. या मर्यादा पहिल्याच भेटीत मुलासमोर सांगितल्या गेल्या पाहिजेत.

आपल्या पुरवणीत समुपदेशकांची सदरे येतात. त्यांच्या नावाखाली पदवी, विद्यापीठ, नोंदणी असल्यास तिचा क्रमांक आणि ते कोणत्या पद्धतीने काम करतात, एवढे चार ओळींत छापावे. आणि त्याखाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक दर वेळी द्यावा, केवळ ऑक्टोबरात नव्हे.

आपली,
एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, ठाणे